आभाळातली कढई

"हलवू नको व, खडू सरकते!"

बाबा ओरडले तेव्हा मी त्या गोळ्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून उकिडवी बसले होते. बाबांनी सुतळीच्या टोकाला खडू बांधला होता आणि गोळ्याच्या बरोब्बर पोटावरून पांढरी रेघ फिरवत होते. रेघ पुरी झाली तसे ते उठले, दोन पावलं मागे गेले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"इथून कापलं का दोन कढया," ते म्हणाले. "एक वांग्याच्या भाजीची, एक पुऱ्यांची."

"अन् भाऊजी, कड्या बी लावजा दोन्ही बाजूनं," मोठी आई दारातून म्हणाली. "धरायले पायजे न."

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांची वहिनी. पुढच्या आठवड्यात तिच्या पोरीचं, आमच्या मयुरीताईचं लग्न होतं. काका म्हणून आंदणाचं मोठं भांडं बाबांनी द्यायचं, हे मयुरीताई रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. आणि बाबा काही असेतसे काका नव्हते. कळमटोल्याच्या बसथांब्यावर 'निकुरे वेल्डिंग वर्क्स' ही पाटी आहे ना, ते माझे बाबा, देवाजी निकुरे. नांगराचा फाळ असो की शाळेचं गेट, सगळं त्यांच्याच हातचं.

गोळा आला होता आभाळातून. खरंच सांगते. आदल्या दिवशी, दिवस मावळल्यावर, सगळ्या गावानं पाहिलं होतं. एकामागे एक लाल-पिवळ्या रेघा जळत गेल्या, कुणी म्हणालं विमान पडलं, कुणी म्हणालं तारा तुटला, आणि मग लांब कुठेतरी धप्पकन आवाज झाला. सकाळी मोठे बाबा, म्हणजे मयुरीताईचे वडील, धानाच्या शेतात, बांधीत गेले तर मधोमध खड्डा आणि खड्ड्यात हा गोळा. माठापेक्षा मोठा, राखाडी, वरून थोडा करपलेला. त्यांना वाटलं उचलायला चार माणसं लागतील. त्यांनी एकट्यानंच उचलला आणि बैलबंडीत टाकून सरळ बाबांकडे आणला.

बाबा तर त्याच्या प्रेमातच पडले. चुंबक लावलं, चिकटलं नाही. हातोडी मारली, ठसा उमटला नाही. "लोखंड नोहे, ॲल्युमिनियम बी नोहे," ते सारखं म्हणत होते. "असा धातू म्या जिंदगीत नाही पाहिला गा. अन् हलका किती! दोन बायका भरली कढई उचलतीन."

मोठ्या आईनं तर राखेनं घासून त्याला हळदीकुंकूही लावून टाकलं होतं. नवं भांडं ना.

तेव्हा मी नुकतीच आठवीची परीक्षा दिली होती. त्याआधी मी फार मुखदुर्बळ होते. वर्गात 'हजर' म्हणायची तेही सरांना ऐकू जायचं नाही. पण त्या वर्षी शाळेच्या कबड्डीच्या संघात मी चढाईला जायला लागले. दम न सोडता समोरच्या सगळ्याजणींच्या घोळक्यात घुसायचं, दोघींना शिवायचं आणि रेषेला हात लावायचा, हे एकदा जमलं ना, की वाटायला लागतं, आता आपण कुठेही घुसू शकतो.

मी गोळा सोडला. तो जरासा कलंडला आणि आतून आवाज आला.

डुबुक.

"बाबा, आत काहीतरी हाये."

"पाणी असन."

"आभाळात कोण पाणी भरते बाबा?"

"ढगातून आला न तो," मोठी आई म्हणाली. बसथांब्यावरची माणसं एव्हाना दुकानाच्या दाराशी जमली होती, ती सगळी फिदीफिदी हसली.

गोळ्याच्या एका टोकाला नळीचा तुटका बोंडका होता, तोंड बंद असलेला. मी तिथे नाक नेलं. ओल्या युरियाच्या पोत्यासारखा वास आला. तो वास मला मुळीच आवडला नाही. मी सरळ आईचा फोन घेतला, गोळ्याचा फोटो काढला आणि मडावी मॅडमना पाठवला. त्या आम्हाला विज्ञान शिकवतात. तेव्हा त्या प्रशिक्षणाला चंद्रपूरला गेल्या होत्या. मला वाटलं संध्याकाळी उत्तर येईल. त्यांचा फोन लगेचच आला.

"रुणाली, हे कुठेय?"

"आमच्या दुकानात मॅडम."

"दुकानात? कोणी हात लावला?"

"सगळ्यांनीच लावला मॅडम. मोठ्या आईनं घासलं."

 मॅडम म्हणाल्या, "नीट ऐक. हा रॉकेटचा नाहीतर उपग्रहाचा भाग दिसतोय. त्यांच्या इंधनाच्या टाक्या अशाच गोल असतात. रिकामी असली तर ठीक. हलवल्यावर आत आवाज येतो का?"

"येतो."

"मग लांब व्हा सगळे. ते इंधन फार विषारी असतं, आणि पेटलं तर..."

"मॅडम, बाबा गॅस कटरनं कापणार हायेत."

"काय?"

"कढई करायले."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि दुकानात मधोमध धरला. मॅडम जीव तोडून सांगत होत्या. पृथ्वीभोवती असले हजारो तुकडे फिरताहेत, संपलेली रॉकेटं, बंद पडलेले उपग्रह, एकमेकांवर आपटून त्यांचे आणखी तुकडे होतात आणि दरवर्षी गर्दी वाढतच चालली आहे. खाली येताना बहुतेक जळून जातात, पण असा एखादा पुरा उरतो. "देवाजीभाऊ, हात जोडते, पोलिसांना कळवा," एवढं त्या म्हणाल्या आणि रेंज गेली. आमच्याकडे रेंज अशीच जाते, नेमकी.

"झालं तुझ्या मॅडमचं?" बाबा म्हणाले.

"बाबा, कापू नका न."

"पोलिसले कळवायचं म्हंते ते," दारातून शामराव बोलले. शामराव आमच्या गावचे पोलीस पाटील. कळवायचं काम खरं तर त्यांचंच. ते मान खाजवत म्हणाले, "कळवतो न. पण पोट्टे, म्या कळवलं का गाडी येईन, पंचनामा होईन, गोळा गाडीत जाईन. एकदा गेलेली वस्तू परत आलेली मी तरी नाही पाहिली. लग्न होऊ दे. मंग कळवू. कढईचा बी पंचनामा होते."

पुन्हा सगळे हसले. मी हसले नाही.

"मोठी आई, तू तरी सांग न त्याइले!"

"काय सांगू?" मोठ्या आईचा आवाज चढला. "बचत गटाची जुनी कढई तडकली. भाड्याची आणू म्हटलं त लग्नसराईत कुठंच नाही. पावण्याइले का ओंजळीत भाजी वाढू? अन् तू काऊन मधामधात करून राहिली? कालची पोट्टी, अन् बापाले शिकवते!"

 बाबांनी ग्राइंडर उचलला.

मी बाजूला झाले नाही. आईनं मला दंडाला धरून मागे ओढलं. चाक खडूच्या रेघेवर टेकलं आणि ठिणग्या उडाल्या. रोजच्या नारिंगी ठिणग्या नाहीत. पांढऱ्याशुभ्र, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या. दारातली पोरं ओरडली, "ओ बाप्पा!" आईच्या हातातला माझा दंड दुखायला लागला, एवढा तिनं आवळला होता. पण ती बाबांना थांबा म्हणाली नाही. दहा माणसांत ती बाबांना थांबा कधीच म्हणत नाही.

चाक झिजून वाटीएवढं झालं तरी गोळ्यावर नुसती चकाकती रेघ उमटली होती. नखानं ओरखडा काढल्यासारखी. बाबांनी दुसरं चाक चढवलं. तेही गेलं. आता कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, जाऊ दे. पण बाबांच्या कपाळावरची शीर उठली होती. धातू ऐकत नाही म्हणजे काय?

"गॅस लावतो," ते म्हणाले आणि सिलिंडरची ट्रॉली ओढायला वळले.

 मी विनवून पाहिलं होतं, मॅडमना बोलायला लावून पाहिलं होतं. बाबांना माझं ऐकायचंच नव्हतं. मग कुणाचं ऐकतात ते? मी दुकानात सगळीकडे बघितलं. आणि कोपऱ्यातली बादली दिसली.

बाबा दुकानात फक्त एका माणसाचं ऐकतात. स्वतःचं.

मी बादली भरली. नरसाळं घेतलं. बाबा नळ्या जोडून उभे राहिले तेव्हा मी बादली त्यांच्या आणि गोळ्याच्या मधोमध ठेवली, इतकी जोरात की पाणी त्यांच्या पायांवर उडालं.

"भरा," मी म्हटलं.

"काय भरू?"

"पाणी. टाकीत. राजोलीचा तो माणूस मोटारसायकलची पेट्रोल टाकी घेऊन आला होता, त्याले तुम्ही काय म्हटलं? दारातूनच परत पाठवला का नाही? म्हणे, 'इंधनाची टाकी पाण्यानं काठोकाठ भरून आण, नाहीतर देवाजी निकुरे ज्योत लावत नाही.' तो म्हणे टाकी रिकामी हाये. तुम्ही म्हटलं, रिकामी टाकीच जास्त उडते, आत वाफ राह्यते. मंग ही बी टाकी होय. भरा पाणी."

"अवं, पण ते पेट्रोल होतं..."

"अन् हे काय हाये? सांगा न. काय हाये आत?"

दारातलं हसू थांबलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी डोळे खाली केले नाहीत. 

बाबांनी नरसाळं घेतलं. मला वाटलं फेकून देतील. पण ते खाली बसले आणि गोळ्याभोवती हात फिरवू लागले. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला. बोंडक्याशी थांबले, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"याले तोंडच नाही," ते हळूच म्हणाले. "कुठून भरू?"

"तेच तर म्हणते मी."

त्यांनी गोळा अगदी थोडासा कलंडवला. डुबुक. मग बोंडक्याजवळ नाक नेलं आणि झटक्यानं मागे घेतलं. बाबांचा चेहरा घाबरलेला मी फारसा पाहिलेला नाही. त्या दिवशी पाहिला. ते उठले, ट्रॉलीकडे गेले, आणि आधी गॅस, मग ऑक्सिजन, दोन्ही चाव्या फिरवून बंद केल्या. चाव्या शर्टाच्या खिशात टाकल्या. खिशावर हात ठेवूनच म्हणाले,

"सगळे भायेर व्हा."

"भाऊजी," मोठी आई म्हणाली, "अन् कढई?"

"भायेर व्हा म्हटलं न वहिनी!" बाबा आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मग लगेच आवाज खाली आला. "कढई देतो मी. पत्र्याची देतो. काका हावो मी तिचा, देणारच. पण याले कोणी शिवू नका."

मोठी आई पदर तोंडाला लावून रडत बाहेर गेली. मला फार वाईट वाटलं. पण मी बादली उचलली नाही.

बाहेर चिंचेखाली रेंज परत आली तसा बाबांनी माझ्यासमोर फोन धरला. "लाव पोलिसले. तूच बोल. मले नाही सांगता येत ते."

शामराव म्हणाले, "म्या कळवतो न आता." बाबा म्हणाले, "तुम्ही कळवान तवा कळवान. पोट्टीले बोलू द्या."

मी बोलले. नाव, गाव, कुठे आहे, केवढा आहे, आत आवाज येतो, वास येतो, सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "घरात मोठं कोणी आहे का?" मी म्हटलं, "आहेत. पण मीच सांगतेय."

पोलीस संध्याकाळच्या आत आले, दोर बांधून दुकान आणि आजूबाजूची घरं रिकामी करून गेले. आम्ही शाळेच्या वर्गात राहायला गेलो. शेवया वळणं, पापड लाटणं, लग्नाची सगळी तयारी बाकांवर. मोठी आई माझ्याशी बोलत नव्हती. पापडाचा गोळा हवा असला की भिंतीकडे बघून म्हणायची, "कोणीतरी पीठ द्या बाप्पा."

मग मोठ्या शहरातून गाडी आली. त्यातून उतरलेली माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला मुखवटे. त्यांनी गोळा उचलला तो तान्ह्या बाळासारखा, आणि लांब गायरानात नेला. आम्हाला तळ्याच्या पाळीवर थांबवलं. तिथे त्यांनी काय काय केलं ते नीट दिसलं नाही, पण एकदा बारीक वाफ निघालेली दिसली आणि ती सगळी माणसं चटकन वाऱ्याच्या उलट बाजूला सरकली.

काम झाल्यावर त्यांच्यातले मोठे साहेब मुखवटा काढून आमच्याकडे आले. घामानं निथळत होते. आमच्या सगळ्यांचे हात तपासायला त्यांनी डॉक्टरही आणला होता. बोंडका घट्ट बसला होता म्हणून बचावलात, असं म्हणाले. मी वास घेतला होता हे कळल्यावर तर मला असे रागावले की विचारू नका. मग बाबांनी विचारलं, "साहेब, म्या ज्योत लावली असती तर?"

साहेबांनी दुकानाकडे पाहिलं. पत्र्याचं छप्पर. मागे लागून आमचं घर. शेजारी मोठ्या आईचा मांडव, अर्धा उभारलेला.

"मागच्या घरात किती माणसं राहतात?" त्यांनी विचारलं.

 

मलाही एक विचारायचं होतं. "सर, असे वर अजून किती हायेत?"

"मोठे हजारो. बारीक तर मोजताच येत नाहीत. आणि वाढताहेत. बारीकसा तुकडासुद्धा बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगानं फिरतो. तो एखाद्या चालू उपग्रहावर बसला की त्याचे हजार तुकडे. मग ते हजार दुसऱ्यांवर."

तेवढ्यात मोठी आई पुढे आली. पदर खोचून. "साहेब, एक विचारू? वर नेलं कोणं?"

"वेगवेगळ्या देशांनी, कंपन्यांनी."

"मंग वापरून झाल्यावर परत काऊन नाही आणून ठेवत? आमच्या बचत गटात भांडं नेलं का घासून जागेवर आणून द्या लागते. नाही दिलं त दंड. अन् पुढच्या लग्नाले भांडं बंद."

साहेब हसायला लागले. मग मध्येच हसायचे थांबले. "बाई," ते म्हणाले, "नियम आहेत. काही पाळतात. काही म्हणतात, बघू पुढं. तुमच्यासारखा दंड मात्र कोणी लावत नाही अजून."

"मंग भरन ना आभाळ," मोठी आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलली. "चाल, पीठ मळायचं हाये."

लग्न लागलं दुपारी, चटके देणाऱ्या उन्हात. बाबांनी पत्र्याची कढई केली होती. जड होती, उचलायला चौघं लागायचे, आणि एका बाजूला किंचित कलत होती, म्हणून तिच्याखाली वीट लावली होती. वांग्याची भाजी मात्र झकास झाली होती. बाबा डोक्यावर गुलाबी फेटा बांधून पंगतीत वरण वाढत फिरत होते.

तेवढ्यात मांडवाशी एक ट्रॅक्टर थांबला. पलीकडच्या गावचे दोघं होते. ट्रॉलीत एक भलंमोठं धातूचं कडं, करपलेलं, आणि त्याला चिकटलेली नळ्यांची गुंतवळ, मधे एक लहान गोळा.

"देवाजीभाऊ!" त्यातला एक ओरडला. "जेवण झालं का एवढं कापून द्या न. नाल्याकडं सापडलं. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव म्हणून चढते का पाहून राहिलो."

बाबा वरणाची बादली घेऊन तसेच धावले. अर्धं वरण वाटेत सांडलं.

"उतर खाली! आधी उतर! हात लावला का बे त्याले? धू हात! ट्रॅक्टर तसाच राहू दे, कोणी जवळ जाऊ नका!"

"अगा, भंगार होय न ते..."

"कायचं भंगार? इंधनाची टाकी होय ते! वर असे हजारो हायेत, हजारो! एकमेकांवर आपटतात अन् दसपट होतात. देशोदेशीचे लोकं नेतात अन् वरच सोडून देतात. काठोकाठ पाणी भरल्याशिवाय टाकीले ज्योत लावत नसते कोणी, अन् याले तर तोंडच नाही. आधी पोलिसले फोन लाव!"

ते दोघं आ वासून बघत होते. "भाऊ, तुमाले हे कोणं सांगतलं गा?"

"मले?" बाबांनी फेटा सारखा केला. "मले कोण सांगन? इतकी वर्सं वेल्डिंगचा धंदा करून राहिलो मी."

मी पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होते. जीभ नुसती सळसळत होती. दसपट नाही बाबा, हजारपट. आणि कोणं सांगतलं म्हणजे? मी तोंड उघडलंसुद्धा.

मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गुलाबी फेटा तिरका झालेला, नव्या धोतरावर वरणाचे डाग, आणि दोन अनोळखी माणसांना ट्रॅक्टरपासून मागे रेटत चाललेले, धडधाकट, घसा फाटेपर्यंत ओरडत.

मी तोंड मिटलं आणि पुढची पंगत मांडायला गेले.